गेटमधून कोणी आत आलं की घरात कळायला हवं, कुठला अलार्म घ्यावा?

कलमाखाली

नमस्कार मंडळी, जाणकारांचं मार्गदर्शन हवंय. आमचं घर राजापूर तालुक्यात, वाडीपासून जरा बाजूला. डांबरी रस्त्यावरच्या गेटपासून आमच्या खळ्यापर्यंत साधारण १२० मीटरचा आतला रस्ता आहे, आधी सरळ येतो आणि मग फणसापाशी वळतो, त्यामुळे घरातून गेट दिसतच नाही. दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे चिरे रचलेली सुकी भिंत, आणि पलीकडे हापूसची कलमं. घरात आई-बाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. बाबांना कमी ऐकू येतं, आई बहुतेक वेळ मागच्या पडवीत नाहीतर विहिरीकडे, म्हणजे माणूस अगदी ओटीवर येऊन हाक मारेपर्यंत दोघांनाही पत्ता नसतो. कुरियरवाला, गॅसवाला ठीक आहे हो, पण गेल्या महिन्यात भर दुपारी दोन अनोळखी माणसं "दागिने-भांडी पॉलिश करून देतो" म्हणत थेट पडवीत येऊन उभी राहिली आणि आई एकटी होती. काही झालं नाही, शेजारचा काका योगायोगाने आला आणि ते निघून गेले, पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून विषय जात नाहीये.

दुसरं म्हणजे दोन खोल्या होमस्टेला देतो, पाहुणे मुंबईहून निघतात आणि रात्री दहा-अकराला पोचतात, तेव्हा गाडी आत वळली की आईला आधी कळलं तर बरं. आणि आंब्याच्या सीझनमध्ये रात्री लाइट बंद करून गाडी आत आली तर तेही कळायला हवंच.

अडचणी अशा की लाइट कधीही जाते, पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, वायफाय ओटीपुरतंच, मोबाइलची रेंज एकाच कंपनीची आणि तीही खळ्याच्या एका कोपऱ्यात. शिवाय वानरं, मोकाट गुरं, रानडुकरं, कुत्री हे सगळं त्याच रस्त्याने येतं-जातं. ऑनलाइन शोधलं तर ड्राइव्हवे अलार्म नावाने शंभर वस्तू दिसतात आणि प्रत्येकावर "४०० मीटर रेंज" लिहिलेलं असतं. बजेट १०-१५ हजार. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

देवगडचा बागवाला

आमच्याकडे सीझनला नेपाळी गुरखे ठेवतो, सगळ्या बागायतदारांची तीच पद्धत आहे, पण ते मोहोरापासून आंबा उतरेपर्यंत, बाकीच्या महिन्यांचं काय हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. कुत्रा पाळा असं सगळे सांगतील, मीही सांगतो, पण रात्री मोकळा सोडू नका, बिबट्या पहिला कुत्राच उचलतो. आणि कुत्रा वानरावर पण भुंकतो नि माणसावर पण भुंकतो, काही दिवसांनी घरातले बघायला उठतच नाहीत. अलार्मचंही तसंच होतं बघा. माझ्या भावाने गेटवर एक स्वस्तातला सेन्सर लावला होता, पावसाळ्यात तो दिवसभर वाजायचा म्हणून वहिनीने बटण बंद करून ठेवलं ते आजतागायत बंदच आहे.

बारा व्होल्ट

मी कोल्हापूर-रत्नागिरी पट्ट्यात कॅमेरे, सायरन, गेट मोटर असली कामं करतो, जरा सविस्तर लिहितो कारण या विषयात लोक आधी वस्तू घेतात आणि मग तिला जागा शोधतात. खरं तर आधी ठरवायचं की नेमकं काय आलं की वाजायला हवं, फक्त गाडी की माणूस पण, आणि वाजलेलं कोणाच्या कानापर्यंत पोचायला हवं. तुमच्या केसमध्ये दोन्ही उत्तरं तुम्हीच दिलीयेत, माणूस पण हवा आणि ऐकणारी व्यक्ती मागच्या पडवीत आहे.

ऑनलाइन जे ४००-५०० मीटरवाले सेट दिसतात त्यातले बहुतेक पीआयआर असतात, म्हणजे शरीराची उष्णता बघणारे. खरं सांगायचं तर तो उष्णता बघत नाही, उष्णतेतला फरक हलताना बघतो. माणसाच्या कातडीचं तापमान असतं ३३-३४ डिग्री आणि मे महिन्यात दुपारी जांभ्याचा रस्ता त्याच्या वर तापलेला असतो किंवा बरोबरीला आलेला असतो, मग त्याला माणूस वेगळा दिसणार कसा? म्हणजे तुमच्या आई दुपारी एकट्या असतात नेमकी तीच वेळ त्याची सगळ्यात कच्ची. उलट उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की हा वाजणार. आणि पीआयआर समोरून सरळ चालत येणाऱ्याला उशिरा पकडतो, आडवा जाणाऱ्याला लगेच पकडतो, म्हणून तो गेटच्या खांबावर रस्त्याकडे तोंड करून कधीच लावायचा नाही, रस्ता आडवा कापेल असा लावायचा आणि डांबरी रस्त्याच्या गाड्या त्याच्या नजरेत येता कामा नयेत. हे सेट टाकाऊ नाहीत, घाटावर थंड हवेत, बंद गोडाऊनच्या आत छान चालतात. तुमच्या गेटवर मी लावणार नाही.

दुसरा प्रकार चुंबकीय. जमिनीत पाइपमध्ये पुरायचा दांडका असतो, लोखंडाचा मोठा गोळा जवळून गेला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो तो त्याला कळतो. वानर नाही, गुरं नाहीत, पाऊस नाही, पाला नाही, फक्त गाडी. खोटा अलार्म जवळपास नसतोच. पण पायी माणूस त्याच्या डोक्यावर उभा राहिला तरी गप्प, स्कूटर पकडेलच असं नाही. आणि एक लक्षात ठेवा, लोखंडी गेट उघडलं-मिटलं तरी तो वाजतो, त्यामुळे गेटपासून चांगला आत पुरायचा. जांभ्यात लोह असतं त्याचं काय असं एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, त्याची काळजी नको, जांभा जागचा हलत नाही आणि सेन्सर फक्त बदल बघतो.

तिसरा बीम. रस्त्याच्या एका बाजूला पाठवणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मधली न दिसणारी इन्फ्रारेडची रेघ तुटली की वाजला. यात ड्युअल बीमच घ्या, दोन रेघा एकावर एक असतात आणि दोन्ही एकदम तुटल्या तरच वाजतो, त्यामुळे पान पडलं, पाखरू गेलं तर काही होत नाही. उष्णतेशी याचा संबंधच नाही, मे महिना असो की जानेवारी. मला तुमच्याकडे हाच योग्य वाटतो, फक्त वायर आणि उंची नीट जमवावी लागेल.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर आता बरेच कॅमेरे माणूस ओळखून मोबाइलवर मेसेज टाकतात, पण तुमच्याकडे रेंज नाही आणि आईंच्या हातात मोबाइल असेलच असं नाही. कॅमेरा हवा तर नंतर लावा, कोण आलं ते बघायला. आलंय हे सांगायला घंटीच हवी.

रोपवालीण

मी उरुळी कांचनची, सोलापूर रोडला आमची रोपवाटिका आहे. आमचा प्रश्न धंद्याचा होता, गिऱ्हाईक गाडी घेऊन आत यायचं आणि आम्ही सगळे मागे शेडनेटमध्ये कुंड्या भरत असायचो, पंपाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, गिऱ्हाईक पाच मिनिटं हॉर्न वाजवून शेजारच्या नर्सरीत जायचं. या रोडला शेजारी म्हणजे पण नर्सरीच.

आम्ही दोन्ही वापरतोय म्हणून सांगते. पुढच्या वाटेवर चुंबकवाला पुरलाय, गाडी आली की एकदाच टिंग वाजतं आणि कोणीतरी एकजण पुढे जातो. तो आवाज मुद्दाम साधा ठेवलाय, दिवसातून कितीतरी वेळा वाजणार आहे, सायरन लावला असता तर कामगारांनीच काढून फेकला असता. मागच्या वाटेला बीम आहे, तो फक्त रात्री चालू करतो आणि त्याला वेगळा, कर्कश आवाज दिलाय. दोन वाटांना दोन आवाज ही गोष्ट फार कामाची आहे, उठून बघायला न जाता कळतं कुठून आलं.

बीमबद्दल दोन गोष्टी. आमच्याकडे बोगनवेलीची फांदी वाढून रेघेत यायची, ते छाटणीच्या कामात धरून ठेवा, तुमच्याकडे पावसाळ्यात गवत आणि वेली काय वेगाने वाढतात ते मला सांगायला नको. आणि दुसरं मुंग्या. बारीक काळ्या मुंग्या वायरीच्या भोकातून पेटीत शिरल्या आणि सर्किटवर अंड्यांसकट घर केलं, उघडलं तर आत पांढरं पांढरं सगळं. आता वायर खालूनच आत घेतलीय, आधी खाली एक झोल देऊन म्हणजे पाणी तिथूनच गळतं, आणि भोक सिलिकॉनने बंद केलंय. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा उघडून बघतो.

तुमच्या आई एकट्या असतात हे वाचून मला राहवलं नाही म्हणून अजून एक. अलार्म वाजल्यावर त्यांनी काय करायचं हे पण आधी ठरवून द्या हो. आमच्या सासूबाईंना सांगितलंय, टिंग वाजलं आणि आम्ही कोणी नाही, तर दार लावून खिडकीतून बोलायचं. कितीही गोड बोलू दे.

ओहायोकर

तुमचे कोणी नातेवाईक अमेरिकेत असतील आणि "मी इथून पाठवतो" म्हणाले तर थांबा, म्हणून लिहितोय. इकडे गावाकडच्या घरांना लांबलचक ड्राइव्हवे असतात, त्यामुळे हे अलार्म सर्रास वापरतात, माझ्याकडेही डकोटा अलर्टचा सेट आहे, हरणं सोडली तर तक्रार नाही. पण तो चालतो एमयूआरएसवर, म्हणजे १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधले पाच चॅनल, ते इथे बिनपरवाना वापरता येतात. भारतात ते चॅनल मोकळे नाहीत. इथले दुसरे कितीतरी सेट ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर असतात, तोही पट्टा भारतात मोकळा नाही, आणि तिकडे ८९० ते ९१५ वर मोबाइल टॉवरकडे जाणारे सिग्नल असतात, म्हणजे आधीच रेंजची बोंब असलेल्या गावात तुम्ही शेजाऱ्याच्या फोनमध्ये खरखर घालणार. भारतात लांब पल्ल्यासाठी मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, बघायचं तर त्यातलं बघा. तिथल्या दुकानातून, बिलासकट घेतलेलं बरं. अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो ती आणखी वेगळी भानगड.

आणि डब्यावरची रेंज मोकळ्या मैदानातली असते. मधे झाडं, चिऱ्याच्या भिंती आल्या की ती भराभर घटते, पाला ओला असला की अजून. आईंच्या घरात रिसीव्हर ठेवणार असाल तर फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याखाली नको, गेटच्या बाजूच्या खिडकीत उंचावर ठेवा.

कलमाखाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रोपवालीण ताई, दार लावून खिडकीतून बोलायचं हे आज फोनवर आईला सांगितलं, ती म्हणाली घरी आलेल्याला असं कसं ताटकळत ठेवायचं, पण बाबांनी तिला समजावलंय.

बारा व्होल्ट, बीमचं पटलं. पण तीन शंका आहेत. एक, रानडुक्कर आणि गुरं यांचं काय करायचं? दोन, १२० मीटर वायर टाकायची तर खाली कातळ आहे, हातभर माती आणि मग ब्रेकरच लागतो, वायरलेसवर भागेल का? आणि वळवाच्या वेळेला विजा एवढ्या पडतात की मागच्या मे मध्ये राउटर आणि टीव्ही दोन्ही गेले, लांब वायर टाकली तर अजून नुकसान ओढवून घेतोय का मी? तीन, बाबांना ऐकू येत नाही त्याचं काय.

बारा व्होल्ट

उंचीचं आधी. पुस्तकी पद्धतीने बीम ७०-८० सेंटीमीटरवर लावतात, चोर वाकून जाऊ नये म्हणून. तुम्हाला लष्करी तळ राखायचा नाहीये, घरात आलेलं माणूस कळायला हवं, आणि दागिने पॉलिशवाला रांगत येत नाही. म्हणून रेघ जमिनीपासून १०० सेंटीमीटरवर घ्या. कुत्रं, डुक्कर, रस्त्यावरून चालणारं वानर खालून जाईल, माणसाची कंबर-पोट त्यात येईल, दुचाकीवर बसलेला माणूस येईल, चारचाकीच्या काचेचा भाग येईल. लहान पोर सुटेल, ते चालेल. गुरं मात्र वाजवणारच, त्याला उपाय गेट बंद ठेवणं आणि गडग्याला जिथे खिंडार पडलंय तिथे चिरे चढवणं, तो सेन्सरचा प्रश्नच नाही.

बीम गेटपासून साधारण २५-३० मीटर आत घ्या, म्हणजे कोणी नुसतं गेटला टेकून फोनवर बोलत उभं राहिलं तर वाजणार नाही, आणि तिथून घर अजून ९० मीटर लांब आहे, चालत येणाऱ्याला मिनिटभर तरी लागतं, तेवढ्यात दार लावता येतं. गडग्यावर बसवू नका, सुका गडगा पावसात सरकतो आणि रेघ हलते, दोन जीआय पाइप काँक्रीटमध्ये उभे करा. रस्ता चारेक मीटर रुंद असेल, तरी ३० मीटरवाला बीम घ्या. एवढी ताकद हाताशी असली की धो धो पावसात आणि धुक्यातही रेघ टिकते.

वायरबद्दल तुमची भीती रास्त आहे. लांब वायर वीज ओढते म्हणजे थेट अंगावर पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी वायरीत झटका येतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं जातात. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि चांगली अर्थिंग असेल तरच वायर टाका. नुसता हिशेब बघितला तर वायर परवडते, १ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे चारेक ओहम, बीमची जोडी १०० मिलिअँपियरच्या आसपास खाते, अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. सायरन मात्र गेटकडे लावून त्याच वायरीवर घ्यायचा नाही, तो एक अँपियर मागतो आणि चार व्होल्ट वाटेतच जातात. पण कातळ फोडायचा खर्च आणि विजा दोन्ही बघता मी तुमच्याकडे वायरलेसच करेन. बीमच्या आत रिले असतो, म्हणजे रेघ तुटली की आपोआप फिरणारा स्विच, त्याची दोन टोकं ८६५ वाल्या ट्रान्समीटरला जोडायची, घरात रिसीव्हर.

गेटकडच्या पेटीला १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची सीलबंद बॅटरी आणि सोलर. इथे मात्र नीट ऐका. कलमाखाली सोलर काही कामाचं नाही, आणि जून ते सप्टेंबर तर मोकळ्यावर पण भरवसा नाही. ती बॅटरी १०० मिलिअँपियरवर कागदावर ७० तास जाते, प्रत्यक्षात दोन दिवस धरा. आठवडाभर ऊन पडलं नाही की बंद. त्यामुळे सोलर आणि बॅटरी दोन्ही मोठी घ्यायची, पॅनेल मोकळ्या आभाळाखाली उंच पाइपवर, किंवा गेटजवळ महावितरणचा खांब असेल आणि तिथे पंपाचं वगैरे मीटर असेल तर तिथून चार्जर घ्या आणि सोलरचा नाद सोडा. पंपाचं मीटर आहे का ते कळवा, अर्धं काम तिथेच सुटेल.

बाबांसाठी रिसीव्हरला फ्लॅशर जोडायचा, लाल-निळा गाड्यांवरचा नको, साधा पांढरा, त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर. घंटी एक ओटीवर आणि एक मागच्या पडवीत, विहिरीवर ऐकू जाईल अशी. दोन रिसीव्हर एकाच ट्रान्समीटरवर चालतात, घेताना तेवढं विचारून घ्या.

देवगडचा बागवाला

पंपाच्या मीटरचं बोललात ते बरोबर, पण शेतीपंपाच्या लाइनवर थ्री फेज ठरलेल्या तासांनाच असते, चार्जर लावायच्या आधी तिथे सिंगल फेज कधी कधी असते ते वायरमनला विचारा. आणि पाइप उभे करायचं काम मोहोर यायच्या आत उरका, नंतर फवारण्या सुरू झाल्या की गावात गडी मिळत नाही.

कलमाखाली

मीटर आहे, गेटपासून दहा-बारा पावलांवर, विहिरीचा जुना पंप होता त्याचं. चालू आहे का ते बाबा उद्या वायरमनला विचारतील. उंची १०० सेंटीमीटर, गेटपासून ३० मीटर आत, पांढरा फ्लॅशर, एवढं लिहून घेतलंय. गवंडी शनिवारी येतोय म्हणाला, गडग्याचं खिंडार पण त्याच फेरीत बुजवून घेतो.